दलालाच्या तोंडून बोलणारा समाज

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आज घर बांधणारे थोडे आणि विकत घेणारे फार. ज्याने ज्याने घर विकत घेतले, त्याच्या तोंडी दलालाविषयी एक तरी तक्रार असते. भाव वाढवून सांगितला, कागद अर्धेच दाखवले, दोन्हीकडून पैसे खाल्ले. या तक्रारी बहुतेक खऱ्या असतात. पण त्या करून आपण मोकळे होतो, आणि माझा आक्षेप या मोकळे होण्याला आहे. जे बोलायची आपल्याला लाज वाटते आणि जे करायची भीती वाटते, ते आपण दलालाकडून करवून घेतो आणि त्याबद्दल त्याला सौद्याचा एक-दोन टक्का मोजतो. मग त्याच पापासाठी त्यालाच शिव्या देतो.

हे सांगण्यासाठी मी हावडा निवडले आहे. विदर्भातल्या माणसाला हावडा ठाऊक असते ते हावडा मेल आणि गीतांजलीचे शेवटचे स्टेशन म्हणून. उतरला की तो पूल ओलांडून कोलकात्यात जातो. पण पूल न ओलांडता अलीकडेच राहिले, तर सालकिया, कासुंदिया, रामकृष्णपूर, शिवपूर अशा जुन्या वस्त्यांचे दाट शहर लागते. रेल्वेच्या नोकरीने आणि सोन्याच्या गलाईच्या धंद्याने मराठी माणूस हुगळीच्या काठी पोचला आहे. भाषा वेगळी, नातेवाईक दूर, जमिनीचे कागद बांग्लात. त्याचा पहिला आधार दलाल, आणि बहुधा शेवटचाही.

जमीन आणि कागद यांच्यामध्ये माणूस उभा राहण्याची रीत इथे जुनी आहे. १६९८ साली इंग्रज कंपनीने सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांची जमीनदारी १३०० रुपयांना घेतली. त्यासाठी शहजादा अझीम-उश-शानकडे रदबदली करणारा ख्वाजा सरहद हा आर्मेनियन व्यापारी होता. पुढे दिल्ली दरबारी गेलेल्या कंपनीच्या वकिलातीतही तो होता. तिने १७१७ साली बादशहा फर्रुखसियरकडून आणखी ३८ गावे विकत घेण्याची परवानगी मिळवली. त्यांतली पाच गावे नदीच्या हावड्याच्या बाजूची: सालकिया, हावडा, कासुंदिया, रामकृष्णपूर आणि बेतोड. बंगालचा कारभार पाहणाऱ्या मुर्शिद कुली खानाने जमीनदारांना गावे विकू दिली नाहीत, म्हणून तो सौदा तेव्हा अडला. या सगळ्या खटपटीत बादशहा होता, कंपनी होती, जमीनदार होते, मध्यस्थ होता. त्या पाच गावांत राहणाऱ्या माणसांना मात्र कुणीच काही विचारले नाही. तीनशे वर्षांनीही हावड्यातल्या घराच्या सौद्यात राहणाऱ्याला सगळ्यांत शेवटी विचारले जाते.

मध्यस्थी हा मुळात हलका धंदा नाही. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, दोघांची ओळख नाही आणि व्यवहार जन्मभराच्या कमाईचा. अशा वेळी दोघांना जोडणारा, भावाचा अंदाज असलेला, कागद ओळखणारा माणूस समाजाला लागतोच. आपल्या कायद्यानेही त्याचा धर्म केव्हाच सांगून ठेवला आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, ज्याच्यासाठी काम करतो त्याला न सांगता मुखत्याराने त्याच सौद्यात स्वतःचा फायदा साधला, तर तो फायदा मूळ धन्याला मागून घेता येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने आपल्या मालमत्तेतला किंवा मालकीतला असा दोष स्वतःहून सांगायचा असतो, जो घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही. म्हणजे गेल्या दीडशे वर्षांत या देशात मध्यस्थाने गुप्त नफा घेणे आणि विकणाऱ्याने खोट लपवणे कधीच मान्य नव्हते. मान्यता दिली ती आपण, व्यवहारात.

ही मान्यता हावड्यात कशी दिली जाते ते पाहा. हे शहर एकेकाळी पूर्वेचे शेफील्ड म्हणवत असे. बेलिलियस रोडच्या आणि लिलुआच्या फाउंड्र्यांमध्ये, नदीकाठच्या ज्यूट मिलमध्ये हजारो हात राबत. कारखाने मंदावले, जमीन मात्र महागत गेली. १९९२ साली विद्यासागर सेतू झाला. २०१३ साली राज्याचे सचिवालय शिवपूरच्या नवान्न इमारतीत आले. २०२४ च्या मार्चमध्ये हुगळीच्या तळाखालून मेट्रो हावडा मैदानापर्यंत धावू लागली. प्रत्येक वेळी गल्लीतल्या काठ्याचा भाव चढला. काठा म्हणजे ७२० चौरस फूट. ज्याच्या बापाने तीन काठ्यांवर दुमजली घर बांधले, त्याच्या मुलाला एका सकाळी कळते की आपण सोन्यावर बसलो आहोत. कळवणारा असतो दलाल. पुष्कळदा तो त्याच गल्लीतला, काम सुटलेल्या कामगाराचा मुलगा असतो. त्याला कचेरी नाही, पगार नाही. चहाच्या दुकानातला बाक आणि हातातला फोन हेच त्याचे भांडवल. कोणत्या घरात किती वारस, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा आहे, हे त्याला पाठ असते. इथे बिल्डरला प्रमोटर म्हणतात. दलाल ही माहिती प्रमोटरला विकतो, आणि प्रमोटर घराच्या मालकांशी करार करतो: जुने घर पाडू, नवी इमारत उभी करू, काही फ्लॅट तुमचे, उरलेले माझे.

या कराराच्या आड पहिला बळी जातो बहिणीचा. जुन्या घराला शरीक, म्हणजे सहहिस्सेदार, पुष्कळ असतात आणि त्यांत लग्न होऊन गेलेल्या लेकी असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वाटा दिला होता, पण राहत्या घराची वाटणी मागायला त्याच कायद्याच्या २३व्या कलमाने तिला अडवून ठेवले होते. ते कलम २००५ साली गेले. कायद्याने दार उघडले, तरी घराने ते लावून घेतले. बहिणीकडून ‘ना-दाबी’ लिहून घ्यायची, म्हणजे आपल्याकडचे हक्कसोडपत्र, ही जबाबदारी दलालावर टाकली जाते. भाऊ स्वतः तिच्यासमोर बसून ‘तुझा वाटा सोड’ असे म्हणू शकत नाही. त्याला लाज वाटते. दलाल म्हणतो, ‘दीदी, सही केली नाही तर सगळेच अडकेल, भावाचा संसार मोडेल.’ बहीण सही करते. हे ऐकून मराठी वाचकाने बंगालला नावे ठेवू नयेत. साडी-चोळीवर बहिणीची बोळवण करून सातबारा साफ करणारी घरे आपल्याही प्रत्येक गावात आहेत. तिथे दलालाची जागा मामा घेतो किंवा वकील, एवढाच फरक.

आता निबंधकाच्या कचेरीत या. पश्चिम बंगालमध्ये दस्ताला एक वेगळा कागद जोडलेला असतो. त्यावर विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोटो आणि फोटोशेजारी दहा चौकटी. डाव्या हाताच्या पाच, उजव्या हाताच्या पाच. मुहुरी, म्हणजे दस्तलेखकाचा माणूस, एकेक बोट धरून शाईच्या पॅडवर टेकवतो आणि चौकटीत दाबतो. बोटे चिंधीला पुसली जातात आणि पुढच्या पानावर सही करायला सांगितले जाते. पाने चाळीस असतात, कधी पन्नास. त्यांत जमिनीचा दाग नंबर, म्हणजे भूखंडाचा क्रमांक, आहे, खतियान, म्हणजे हक्कनोंदीचा उतारा, आहे, चतुःसीमा आहे, फ्लॅटचे क्षेत्रफळ आहे, गच्चीचा हक्क कोणाचा तेही आहे. दहाही बोटे उमटतात, पण डोळे एकदाही त्या मजकुरावरून फिरत नाहीत. का वाचले नाही म्हणून विचारले, तर उत्तर ठरलेले: दलालाने पाहिले आहे, ओळखीचा आहे. ज्याला सौदा झाला तरच पैसे मिळणार, त्यालाच आपण सौदा योग्य की अयोग्य हे ठरवायला बसवले.

आणि न वाचण्याची किंमत हावड्यात फार मोठी आहे. इथे कोलकात्यासारख्याच ठिका जमिनी आहेत. एकेकाळी जमीनदाराची जमीन भाड्याने घेऊन माणसांनी तिच्यावर स्वतःची घरे बांधली. १९८१ च्या कायद्याने ती जमीन सरकारजमा केली आणि २००१ च्या कायद्याने त्या व्यवस्थेला आजचे रूप दिले. घर ठिका भाडेकरूचे, जमीन सरकारची. अशा घराचे स्वामित्व इतर घरांसारखे बाजारात विकता येत नाही. ‘कागद क्लिअर आहे, सगळे असेच घेतात,’ असे सांगून ते दाखवले जाते. कुलमुखत्यारपत्रावर घर घेतल्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लँप प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट सांगितले. तरीही मुखत्यारपत्रावर पैसे मोजणारे आजही भेटतात, कारण त्यांना ते स्वस्त पडते. स्वस्त का, हा प्रश्न घेणारा विचारत नाही. उत्तर ऐकायची त्याची तयारी नसते.

याहून मोठे पाप पाण्याचे आहे. हावडा हे पुकुरांचे, म्हणजे तळ्यांचे गाव होते. पाच काठे किंवा त्याहून मोठा जलाशय बुजवायला पश्चिम बंगालच्या १९८४ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात मनाई आहे. पण तळे एका दिवसात मरत नाही. आधी त्यात जलपर्णी माजू देतात, मग कचरा पडतो, मग रात्री राबिटाच्या गाड्या येतात, मग भोवती भिंत उठते. काही वर्षांनी दलाल त्या जागेला वास्तू, म्हणजे घर बांधायची, जमीन म्हणू लागतो आणि घेणारा तळमजल्यावर ओल का येते याचे नवल करतो. शेजारच्या म्हातारीला विचारले असते तर तिने सांगितले असते की इथे आम्ही पोहलो आहोत. सरकारच्या ‘बांग्लारभूमी’ संकेतस्थळावर दाग नंबर घालून जमिनीचा वर्ग पाहता येतो. तेवढेही कष्ट आपण घेत नाही.

ज्यांनी घेतले त्यांचे काय झाले? हावडा जिल्ह्यातल्या बालीजवळच्या जयपूर बिल या पाणथळीवर भराव टाकण्याला स्थानिक कार्यकर्ते तपन दत्त यांनी विरोध केला. ६ मे २०११ रोजी रात्री बालीत त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी झिजवली, तेव्हा २०२२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस एकटा पडला, कारण त्या भरावावरच्या स्वस्त घराची वाट पाहणारे पुष्कळ होते. कोणी उभेच राहिले नाही तर काय होते, तेही पाहा. १७ मार्च २०२४ च्या रात्री शिवपूरच्या वनस्पती उद्यानापासून नदीपलीकडे, कोलकात्याच्या गार्डनरीचमध्ये, बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली आणि डझनभर माणसे गाडली गेली. बांधकाम बेकायदा होते हे महापौरांनीच सांगितले. मजले रात्रीतून उगवत नाहीत. ते चढताना गल्ली पाहत होती, पालिका पाहत होती, आणि मुख्य म्हणजे त्या मजल्यांवरचे फ्लॅट कोणीतरी कोणालातरी दाखवत होता.

आता रोख पैशाकडे वळू. समजा फ्लॅटचा सौदा ४० लाखांना ठरला आणि सरकारी मूल्यांकन २८ लाख निघाले. दस्तावर २८ लाख येतात आणि १२ लाख पिशवीतून जातात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेऊ नये, अशी दुरुस्ती आयकर कायद्यात २०१५ सालीच झाली. विकणारा कर चुकवतो, घेणारा मुद्रांक शुल्क वाचवतो, आणि दोघे एकमेकांच्या डोळ्याला डोळा न भिडवता हे ठरवायचे काम दलालाला देतात. ‘किती चेक, किती कॅश’ हे वाक्य त्यानेच उच्चारायचे. मग तो आपल्याला फसवतो तेव्हा आपण पोलिसात जाऊ शकत नाही, कारण त्याच्या खोट्याआधी आपले खोटे नोंदले गेलेले असते. दलालाची ताकद या बारा लाखांत आहे. ती त्याला आपण दिली.

आणि सर्वांत घाण काम आपण त्याच्याकडून करवतो ते माणसे वेगळी काढण्याचे. जाहिरातीत कुणी लिहीत नाही की मुसलमानाला घर मिळणार नाही, मासे खाणाऱ्याला मिळणार नाही, एकट्या बाईला मिळणार नाही. ते दलालाच्या कानात सांगितले जाते. आडनाव ऐकताच तो म्हणतो, ‘ते घर कालच गेले.’ मासे हा ज्या बंगालचा प्राण, तिथे माशाच्या वासावरून घर नाकारले जाते. मुंबईत मांसाहारी म्हणून मराठी माणसाला घर नाकारले की आपण रस्त्यावर उतरतो, आणि योग्यच करतो. पण तोच मराठी माणूस हावड्यात घर बघताना दलालाला पहिला प्रश्न विचारतो: आजूबाजूला वस्ती कुणाची आहे? आपला अपमान झाला की अन्याय आणि दुसऱ्याचा झाला की सावधगिरी, असा न्याय कोणत्याही धर्मात नाही. कायद्यानेही इथे हात आखडता घेतला आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व राखण्याचा संस्थेचा नियम उचलून धरला. न्यायालयाने संस्थेचा हक्क मोजला. माणूस म्हणून आपली लाज मोजण्याचे काम आपल्याकडेच उरले आहे.

शासनाचा हिशेबही मांडला पाहिजे. २०१६ च्या स्थावर मालमत्ता नियमन (रेरा) कायद्याने दलालाला नोंदणी सक्तीची केली, पण नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरतीच. जुन्या घराची फेरविक्री आणि भाड्याचा व्यवहार, म्हणजे सामान्य माणसाचे बहुतेक सौदे, त्याबाहेर राहिले. कायद्याने ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या बांधकामांना सूट दिली आणि मर्यादा खाली आणायची मुभा राज्यांना ठेवली. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे साडेसात काठे. हावड्याच्या गल्लीतला भूखंड बहुधा त्याहून लहान असतो. पश्चिम बंगालने तर २०१७ साली आपला वेगळाच कायदा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२१ रोजी तो घटनाबाह्य ठरवेपर्यंत राज्यातल्या ग्राहकाला केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. हावडा महापालिकेची निवडणूक २०१३ साली झाली, त्या सभागृहाची मुदत २०१८ च्या डिसेंबरात संपली आणि पुढे वर्षानुवर्षे शहर प्रशासकांच्या हाती राहिले. जाब विचारायला नगरसेवकच नसेल तर चढणारा मजला कोणाला दाखवायचा? तुलनेने महाराष्ट्राने २०२३ साली दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे चांगले पाऊल आहे. पण परीक्षा पास झालेल्या दलालासमोरही ‘किती कॅश’ विचारणारे आपणच बसलो, तर त्या प्रमाणपत्राचा काय उपयोग?

आपल्या इतिहासात याचे उत्तर आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. कशावर अंगठा दिला हे त्यांना कधीच कळले नव्हते. त्या उठावानंतर सरकारला १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा करावा लागला आणि शेतकऱ्याचा दस्त ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशी तरतूद त्यात आली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी लुबाडणुकीचे मूळ अविद्येत दाखवले. फुल्यांच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, म्हणून तो लुटला गेला. आपल्याला वाचता येते, पदव्या आहेत, हातात फोन आहे, आणि तरी आपण वाचत नाही. त्या शेतकऱ्याचे अज्ञान त्याच्यावर लादलेले होते. आपले अज्ञान आपण सोयीसाठी पांघरले आहे. म्हणून त्याची कीव येते आणि आपल्याला जाब विचारावा लागतो.

काय करायचे ते अवघड नाही. दलालाला काम देण्याआधी त्याच्याशी लेखी करार करा: तो कुणाच्या बाजूने काम करतो आणि किती घेणार. दोन्हीकडून घेणार असेल तर दोघांना ठाऊक असू द्या. त्याचा मेहनताना बँकेतून द्या आणि पावती घ्या. दस्ताचा मसुदा आठ दिवस आधी मागा, आपल्या वकिलाकडून तपासून घ्या आणि घरी मोठ्याने वाचा, ज्या बायकोच्या नावावर कर्ज घेणार आहात तिलाही ऐकवा. बहिणीचा वाटा पैशात मोजा आणि तिच्या खात्यात घाला. पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांनाही तो दाखला तपासूनच कर्ज द्यायला बजावले आहे. परप्रांतात गणेशोत्सव आणि हळदीकुंकू साजरे करणाऱ्या आपल्या मंडळांनी वर्षातून काही संध्याकाळी कागद वाचायला बसावे. तिथली लिपी जाणणारा एक वकील, एक निवृत्त तलाठी आणि घर घेऊ पाहणारी चार कुटुंबे, एवढे पुरे. फेरविक्री आणि भाड्याच्या दलालालाही नोंदणी लागू करा ही मागणी आपण आमदाराकडे, खासदाराकडे लावून धरली पाहिजे. आणि कुणाचे आडनाव ऐकून घर नाकारायला दलालाला सांगणार असाल, तर ते स्वतःच्या तोंडाने, त्या माणसासमोर उभे राहून सांगा. सांगता येणार नाही. मग ते दलालाकरवीही सांगू नका.

प्रामाणिक दलाल हवा असेल तर त्याला प्रामाणिक गिऱ्हाईक लागते. तसे गिऱ्हाईक भेटले तर टिकणारी माणसे या धंद्यात आजही आहेत. त्यांचे काम रोख मागणाऱ्या गर्दीने हिरावून घेतले आहे. पुढच्या वेळी घराचा सौदा करायला बसाल तेव्हा खरा आकडा, खरे क्षेत्रफळ आणि खरा वाटेकरी, हे तिन्ही तुम्ही आधी बोला. तेवढे बोललात, तरच दलालाच्या खोट्याचा जाब विचारायचा अधिकार तुम्हाला राहील.